जो मँटन: ठासणीच्या दुनळीतला लॅग काढणारा कारागीर

कॅमेऱ्याचं बटण दाबलं आणि फोटो जरासा उशिरा निघाला की काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. पळणारं मांजर फ्रेमच्या बाहेर आणि फोटोत फक्त शेपटी. याला शटर लॅग म्हणतात. गेमिंग फोन विकणारे याच लॅगचे आकडे मिलिसेकंदात छापतात आणि आपण ते वाचून पैसे मोजतो.

आज मी ज्याची गोष्ट सांगणार आहे, त्या माणसाचं अर्धं आयुष्य हाच लॅग कमी करण्यात गेलं. फक्त त्याचं यंत्र वेगळं होतं. लंडनचा जोसेफ मँटन, लोकांच्या तोंडी जो मँटन. जन्म १७६६, मृत्यू १८३५. धंदा बंदुका बनवण्याचा. त्यातही खास ओळख कशाची, तर गिऱ्हाइकाच्या मापानं बनवलेल्या ठासणीच्या दुनळी बंदुकीची. त्या काळात इंग्लंडमधल्या शिकारी लोकांसाठी मँटन हे नाव म्हणजे आजचा फ्लॅगशिप फोन. आणि शेवट? दिवाळखोरी.

आधी यंत्र समजून घेऊ

ठासणीची बंदूक हा शब्द कोकणातल्या वाचकांना नवा नाही. रानडुकरांपासून शेत राखायला परवान्यावर घेतलेली अशी बंदूक तिकडे अजूनही काही घरांत सापडते. नावातच सगळं आलं. काडतूस नाही, मागून उघडायची सोय नाही, सगळं सामान नळीच्या तोंडातून आत ठासायचं.

क्रम असा. बंदूक उभी धरायची. नळीत मोजून दारू ओतायची. त्यावर जाड चकती किंवा बोळा गजानं दाबून बसवायचा. मग शिशाचे छर्रे. छर्रे बाहेर सांडू नयेत म्हणून त्यावर आणखी एक पातळ चकती. दुनळी असेल तर हेच सगळं दुसऱ्या नळीत. शेवटी बाहेरच्या बाजूला, नळीच्या बुडाशी असलेल्या छोट्या वाटीत चिमूटभर बारीक दारू. तिला आपल्याकडे रंजक म्हणतात. वाटीतून नळीत जाणारं बारीक भोक म्हणजे काना.

आता चाप ओढला की काय होतं? घोड्याच्या जबड्यात धरलेली गारगोटी पोलादी पट्टीवर आपटते. ठिणग्या पडतात. वाटीतलं रंजक पेटतं. ती आग कान्यातून आत शिरते. मग आतली दारू पेटते आणि छर्रे सुटतात. चार टप्पे झाले, आणि प्रत्येक टप्प्याला थोडा थोडा वेळ. कधी कधी रंजक नुसतंच भुर्रकन जळतं आणि आत काही पोचतच नाही. आपण फुसका बार म्हणतो तो हाच.

थोडं गणित करू. समजा चाप ओढल्यापासून छर्रे सुटेपर्यंत ५० मिलिसेकंद लागले आणि समोरचा पक्षी ताशी ६० किलोमीटरनं उडतोय. तेवढ्यात तो साधारण ८३ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे तुम्ही पक्ष्यावर नेम धरला आणि बार त्याच्या मागच्या मोकळ्या हवेत गेला. बसलेल्या पक्ष्यावर नेम धरायचा तर हा लॅग चालून जायचा. पण अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये उडत्या पक्ष्यावर बार टाकायची हौस वाढली आणि हा लॅग एकदम सगळ्यांना टोचायला लागला.

दुसरी अडचण लांबीची. जुन्या एकनळी बंदुका सव्वा मीटर नळीच्या, कधी त्याहूनही लांब असायच्या, कारण दारू हळू जळायची आणि सगळी जळायला जागा लागायची. अशा दोन नळ्या शेजारी जोडल्या तर ते ओझं खांद्याला लावून फिरवणार कोण? यावर १७८७ मध्ये हेन्री नॉक नावाच्या लंडनच्याच कारागिरानं नळीच्या बुडाची नवी रचना पेटंट केली. आग दारूच्या मधोमध पोचेल आणि दारू झटकन जळेल अशी. त्यामुळे नळी पाऊण मीटरच्या आसपास आणणं जमलं. दुनळी वापरण्याजोगी झाली ती इथून. मँटनच्या आधी नॉकचं नाव घेतलं नाही तर तो अन्याय होईल, म्हणून घेतलं.

ग्रँथमचा धाकटा भाऊ

जोसेफ लिंकनशायरमधल्या ग्रँथमचा. त्याचा बराच मोठा भाऊ जॉन आधी लंडनला गेला, जॉन ट्विग या नामांकित बंदूकवाल्याकडे कामाला लागला आणि १७८१ मध्ये डोव्हर स्ट्रीटवर स्वतःचं दुकान काढून बसला. जोसेफ त्याच्याच हाताखाली शिकला. १७८९-९० च्या सुमारास त्यानं बर्कले स्क्वेअरजवळ डेव्हिस स्ट्रीटवर आपली वेगळी पाटी लावली.

दोन भाऊ, दोन दुकानं, धंदा एकच, शहरही एकच. जॉनच्या बंदुका उत्तम असत, हिशोब चोख असे, आणि त्याचं दुकान पुढे मुलाकडे नीट गेलं. जोसेफचा स्वभाव निराळा. त्याला कुठलीही गोष्ट जशी आहे तशी ठेवणं जमत नसे. १७९२ मध्ये पहिलं पेटंट, आणि नंतर आयुष्यभर एकामागून एक. स्टार्टअपच्या भाषेत सांगायचं तर जॉननं धंदा चालवला आणि जोसेफनं आर अँड डी.

मापानं शिवलेली बंदूक

मँटनच्या दुकानात तयार बंदूक उचलून पैसे देऊन निघालात, असा मामला नसायचा. टेलरकडे जसं माप देतो तसं माप द्यायचं. हात किती लांब, मान किती, खांदा किती रुंद, नेम कुठल्या डोळ्यानं धरता. त्यावरून दस्त्याची लांबी ठरायची, दस्ता खाली किती वाकवायचा आणि बाजूला किती कलता ठेवायचा ते ठरायचं. कारण छर्ऱ्याच्या बंदुकीनं उडता पक्षी मारताना रायफलसारखा सावकाश नेम धरायला वेळच नसतो. बंदूक खांद्याला लागली की नजर आपोआप नळीच्या रेषेत यायला हवी. दुसऱ्याच्या मापाची बंदूक म्हणजे दुसऱ्याचा चष्मा.

नळ्यांचं काम तर ऐकण्यासारखं आहे. घोड्यांच्या नालांचे झिजलेले, जुने खिळे गोळा करायचे. ठोकून ठोकून ते लोखंड चिवट झालेलं असे. ते तापवून, एकत्र ठोकून पट्टी काढायची. ती पट्टी एका गजाभोवती वेटोळी गुंडाळायची आणि पुन्हा तापवून, ठोकून तिचे सांधे एकजीव करायचे. म्हणजे नळी कोरून काढलेली नसे, गुंडाळून जोडलेली असे. साफ केल्यावर तिच्यावर वेटोळ्यांची नक्षी दिसते. मँटनसाठी अशा नळ्या करणारा चार्ल्स लँकेस्टर हा स्वतःच त्या कामातला बादशहा होता. मग दोन नळ्या शेजारी ठेवून, मध्ये पट्ट्या घालून डाग देऊन जोडायच्या. त्याही अगदी समांतर नाहीत, पुढे किंचित जवळ येणाऱ्या, म्हणजे ठरावीक अंतरावर दोन्हींचे छर्रे एकाच जागी पडतील. इथे केसभर चुकलं तर डावी नळी एकीकडे मारते आणि उजवी दुसरीकडे.

नळीचं माप सांगायची पद्धत गमतीची आहे आणि आपल्याकडे ती अजून रुळलेली आहे. बारा बोअर म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअरची नळी. साधारण १८.५ मिलिमीटर. म्हणून बोअरचा आकडा वाढला की नळी बारीक होते. सोळा बोअर बारापेक्षा बारीक. उलटं वाटतं, पण गोळ्यांचा हिशोब डोक्यात ठेवला की गोंधळ होत नाही.

खालून जाणारा बार

१८०६ मध्ये मँटननं पेटंट घेतलेली गोष्ट दिसायला अगदीच किरकोळ आहे. दोन नळ्यांच्या मधली वरची पट्टी त्यानं उंच केली, आणि तीही मागच्या, बुडाच्या बाजूला जास्त उंच.

कारण असं. उडत्या पक्ष्यांवरचे बार बहुतेक वेळा खालून जायचे. एक तर छर्रे उडेपर्यंत पक्षी आणखी वर गेलेला असे, शिवाय बंदुकाच जरा खाली मारत. शिकवणारे सांगायचे, थोडा वर नेम धर. पण ऐन वेळी ते कुणाच्या लक्षात राहतं? मँटनची पट्टी मागे उंच असल्यामुळे तिच्यावरून सरळ बघितलं की नळीचं तोंड आपोआप थोडं वर उचललं जायचं. चूक माणसाची, दुरुस्ती यंत्रात. फोनच्या कीबोर्डमधला ऑटो-करेक्ट हेच करतो, फक्त मँटनची पट्टी त्याच्यापेक्षा कमी वेळा तोंडघशी पाडायची. आजही दुनळीवर मधोमध पट्टी असते.

कान्याचंही त्यानं आणि त्याच्या काळातल्या चांगल्या कारागिरांनी असंच केलं. लोखंडाचं भोक आगीनं खाऊन मोठं व्हायचं, म्हणून आधी सोन्याचं आणि पुढे प्लॅटिनमचं अस्तर. श्रीमंती दाखवायला नव्हे. हे धातू गंजत नाहीत एवढाच मुद्दा.

बंदुकीतला ऑटो-रोटेट

मला मँटनचं सगळ्यात आवडलेलं काम हे. आणि हे सांगितल्याशिवाय ठासणीची दुनळी बाळगणं किती धोक्याचं होतं ते कळणार नाही.

विचार करा. दोन्ही नळ्या भरलेल्या आहेत, दोन्ही घोडे चढवलेले आहेत. पक्षी उठला. उजव्या नळीचा बार काढला, तो पडला. डावी नळी भरलेली आणि तिचा घोडा चढलेलाच. आता उजवी पुन्हा भरायची. म्हणजे बंदूक उभी करायची, तोंड वर, आणि त्या तोंडावर आपला हात, आपला चेहरा, आपला गज. घाईत डावा घोडा उतरवायचा राहून गेला आणि चापाला कशाचा धक्का लागला, तर? बोटं गेलेले, हात गेलेले, जीव गेलेले लोक त्या काळात होते. शिकारीची पुस्तकं याच ताकिदीनं भरलेली असायची.

मँटननं घोड्याजवळ एक छोटी, वजनदार, लोंबती खीळ बसवली. बंदूक आडवी, म्हणजे नेम धरण्याच्या स्थितीत असली की ती खीळ बाजूला असते आणि घोडा मोकळा. बंदूक तोंड वर करून उभी केली की खीळ स्वतःच्या वजनानं झुलते आणि घोड्याच्या वाटेत येऊन बसते. आता चाप ओढला गेला तरी घोडा आपटणार नाही. माणसानं काही लक्षात ठेवायची गरजच नाही.

फोन आडवा केला की स्क्रीन फिरते, कारण आतल्या सेन्सरला गुरुत्वाकर्षणाची दिशा कळते. मँटनच्या खिळीला तेच कळायचं, आणि तिला बॅटरीही लागायची नाही. सेफ्टी फीचर कसं असावं याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. वापरणाऱ्यानं बटण दाबायला विसरलं तरी चालतं ते खरं सेफ्टी फीचर.

एक धोका मात्र या खिळीनं जात नव्हता. कुठली नळी भरली आणि कुठली नाही, हा विसर. एकाच नळीत दोनदा दारू गेली तर नळी फुटू शकते. त्यावर उपाय सवयीचा: गज आत सोडून बघायचा. रिकाम्या नळीत तो खोल जातो, भरलेल्या नळीत जास्त बाहेर राहतो. जुन्या गजांवर म्हणूनच कधी कधी खूण केलेली दिसते.

बाळगणं म्हणजे काय

अशी बंदूक पेटीत यायची. आत मऊ कापडाचं अस्तर आणि प्रत्येक वस्तूसाठी तिच्या आकाराचा कप्पा: दारूची बुधली, छर्ऱ्यांची पिशवी, चकत्या, पेचकस, तेल, जादा गारगोट्या. अनबॉक्सिंगचा व्हिडिओ करावा असा ऐवज. पण पेटी उघडण्यापेक्षा बंद करण्याआधीचं काम मोठं. काळी दारू जळाली की नळीत मागे राख उरते, ती हवेतला ओलावा ओढते आणि लोखंड खायला लागते. त्यामुळे शिकारीहून आल्यावर आधी गरम पाण्यानं नळ्या धुणं, कोरड्या करणं, तेल लावणं. दमून आलो, उद्या करू, असं म्हणायची सोय नाही. गारगोटीही वीस-तीस बारांत बोथट व्हायची. इंग्लंडमध्ये सफोकमधल्या ब्रँडन गावात गारगोट्या फोडून विकायचा मोठा धंदा त्यावरच चालायचा.

मँटनच्या दुकानाशी नेमबाजीची जागाही होती. कवी बायरन तिथे पिस्तुलाचा सराव करायला यायचा. आणि मँटनचा सगळ्यात कामाचा चाहता होता कर्नल पीटर हॉकर. हा १८०९ मध्ये स्पेनमधल्या तालाव्हेराच्या लढाईत जखमी होऊन पुढे सैन्यातून बाहेर पडला आणि उरलेला जन्म शिकार आणि बंदुका यांत घालवला. नवशिक्या शिकाऱ्यांसाठी १८१४ मध्ये त्यानं पुस्तक काढलं, त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. कुणाची बंदूक चांगली, कुणाची टाकाऊ, कशी भरावी, कशी धुवावी, सगळं त्यात. आजच्या भाषेत तो पहिल्या दर्जाचा गॅजेट रिव्ह्यूअर. त्याचं मत मँटनच्या बाजूनं होतं. याहून चांगली जाहिरात पैसे देऊन मिळत नाही.

पक्ष्यांना कळायचं

इकडे लंडनमध्ये मँटन गारगोटीची बंदूक सुधारत होता. तिकडे स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनजवळच्या बेलहेल्वी गावात एक पाद्री वैतागला होता. अलेक्झांडर जॉन फोर्साइथ. त्यालाही शिकारीचा नाद. त्याच्या लक्षात आलं की वाटीतलं रंजक पेटताना उजेड पडतो, धूर निघतो, आणि छर्रे पोचायच्या आत बदकं सावध होऊन डुबकी मारतात किंवा वळतात. लॅग होताच, वर नोटिफिकेशनही जात होतं.

फोर्साइथनं गारगोटीच काढून टाकली. ठोका बसला की स्वतःच पेट घेणारी रसायनं तेव्हा माहीत झाली होती. दिवाळीतली टिकली आठवा: दगडानं ठोकली की फट्. टिकलीतलं रसायन वेगळं, पण तत्त्व तेच. असं रसायन घोड्याच्या ठोक्यानं पेटवायचं आणि आग थेट आत. ठिणगी नाही, उघडी वाटी नाही, पाऊस-वाऱ्याची भीती कमी. सरकारच्या सांगण्यावरून त्यानं लंडनच्या टॉवरमध्ये बसून काही काळ प्रयोग केले, पण वरचा अधिकारी बदलला आणि त्याला निरोप मिळाला. मग १८०७ मध्ये त्यानं पेटंट घेतलं. त्या कामात त्याला वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटची मदत झाली होती. पेटंटचे शब्द असे बसवले होते की ठोक्यानं पेटणारी जवळपास कुठलीही युक्ती त्यात येईल.

मँटनला आधी हे पटलं नाही, असं त्याच्या कामावरून दिसतं. गारगोटीची बंदूक त्यानं इतकी वर नेली होती की नवीन काही लागेल असं वाटण्याचं कारणही नव्हतं. पण गिऱ्हाइकं नव्या तंत्राची विचारणा करायला लागली. १८१६ मध्ये त्यानं आपली पद्धत पेटंट केली: रसायनाची छोटी गोळी घोड्याच्या टोकात बसवायची. फोर्साइथ कोर्टात गेला. मँटन हरला. १८१८ मध्ये मँटननं दुसरी पद्धत काढली. तांब्याच्या बारीक नळकांडीत रसायन भरायचं, ती नळकांडी कान्यात खोचायची आणि घोड्यानं तिच्यावर ठोका मारायचा. हिचा पेट जोरदार आणि झटपट, पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्यांना ती फार आवडायची. दोष एकच: नळकांडी कधी कधी बाजूला उडायची, शेजारी उभ्या माणसानं जपून राहावं.

शेवटी जिंकली ती तिसरीच गोष्ट, तांब्याची टोपी. एका उंचवट्यावर टोपी चढवायची, घोडा तिच्यावर आपटतो, संपलं. ही कुणी शोधली? जोशुआ शॉ या अमेरिकेत गेलेल्या इंग्रज चित्रकाराचा दावा आहे, जोसेफ एगचा आहे, हॉकरचा आहे, मँटनचंही नाव त्यात येतं. मला विचाराल तर फोर्साइथचं पेटंट संपायच्या सुमाराला सगळ्या लंडनचं डोकं एकाच दिशेनं चाललं होतं, त्यामुळे एक नाव काढण्यात अर्थ नाही. आपल्याकडे टोपीची बंदूक हा शब्द आला तो यातूनच.

यात कुणाची बाजू घ्यायची? मी बराच काळ यावर घोटाळलो. फोर्साइथची कल्पना अस्सल होती, त्याचा हक्क होता. पण त्याची स्वतःची यंत्रणा महाग आणि नाजूक, आणि चौदा वर्षं पेटंटच्या कुंपणामुळे मँटनसारख्या चांगल्या हाताला त्यावर उघडपणे काम करता आलं नाही. वॉटर्लूची लढाई, १८१५, गारगोटीच्या बंदुकांनीच लढली गेली. ब्रिटिश सैन्यानं ठोक्याची पद्धत उचलली तोवर १८४० च्या आसपासचा काळ आला होता. आणि फोर्साइथला तरी काय मिळालं? म्हातारपणी, १८४२ मध्ये, सरकारकडून २०० पौंड.

दिवाळं

मँटनचे पैसे एकाच भोकातून गेले नाहीत. एक भोक कोर्टाचं. दुसरं तोफांचं. सैन्याच्या तोफेचा गोळा नळीत घट्ट बसावा म्हणून त्याला मागून लाकडी पेला लावायची कल्पना त्यानं तोफखाना खात्यापुढे मांडली होती. खात्यानं देऊ केलेली रक्कम त्याला कमी वाटली, त्यानं मागितलेली खात्याला अवाच्या सवा वाटली. वर्षानुवर्षं प्रयोग, अर्ज, खर्च. तिसरं भोक मला वाटतं त्याच्या स्वभावाचं: एक बंदूक चांगली झाली की ती शंभर वेळा करून पैसे कमवावेत, हे त्याला सुचत नसे. त्याला लगेच पुढची हवी असे.

१८२६ मध्ये त्याचं दिवाळं निघालं. वय साठ. तेव्हा त्याचं दुकान ऑक्सफर्ड स्ट्रीटवर होतं. तीच जागा थोड्याच दिवसांत जेम्स पर्डीनं घेतली. हा पर्डी तरुणपणी मँटनच्याच दुकानात कामाला होता. मधल्या काळात फोर्साइथकडेही काम करून त्यानं १८१४ मध्ये स्वतःचा धंदा सुरू केला होता. गुरूच्या जागेत शिष्य बसला, पण त्यात कडवटपणा नसावा. आपल्या सगळ्या धंद्याला लोहारकामातून वर काढलं ते मँटननं, असं पर्डी मानत असे, असं सांगितलं जातं. नळ्या करणारा लँकेस्टर त्याच वर्षी स्वतःच्या नावानं बंदुका विकायला लागला. थॉमस बॉसही मँटनच्याच हाताखालचा. पर्डी आणि बॉस ही नावं मापाच्या दुनळीसाठी लंडनमध्ये आजही चालतात.

मँटन स्वतः मुलाला हाताशी धरून पुन्हा उभं राहायचा प्रयत्न करत राहिला. जॉन १८३४ मध्ये गेला, जोसेफ पुढच्या वर्षी, २९ जून १८३५ ला. केन्सल ग्रीनच्या दफनभूमीत त्याला पुरलं. थडग्यावरचा मजकूर हॉकरनं लिहिला. त्याच दशकात फ्रान्समध्ये लफोशो नावाचा कारागीर मागून उघडणारी, काडतुसाची बंदूक घेऊन पुढे आला. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात ती इंग्रजांनी पाहिली आणि ठासणीचे दिवस मोजले गेले.

फर्स्ट कॉपी

जो मँटनचं नाव मात्र धंद्यापेक्षा जास्त टिकलं, इतकं की ते चोरलं गेलं. त्याच्या हयातीतच आणि नंतरही स्वस्त बंदुकांवर मँटन कोरून त्या विकल्या जात. कधी स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडचं तिकडं, म्हणजे पकडलं तर सांगता येईल की ते नाव वेगळं आहे. चोरबाजारातले चार्जर आणि इअरबड आठवत असतील. भारतात तर हे नाव खास ओळखीचं, कारण कोलकात्यात मँटन नावाची बंदुकांची मोठी पेढी होती आणि तिच्यामुळे संस्थानिक आणि साहेबलोकांपर्यंत हा शब्द पोचला होता.

त्यामुळे संग्रहालयाच्या वेबसाइटवर किंवा लिलावाच्या फोटोत मँटन दिसली तर झूम करून तीन जागा बघा. मधली पट्टी मागे उंच आहे का. नळीवर वेटोळ्यांची नक्षी आहे की नुसतं काळं पॉलिश. आणि घोडा: गारगोटीचा जबडा आहे की टोपीवर आपटणारा सपाट दट्ट्या. तिसऱ्याबाबत जरा सावध, कारण टोपी आल्यावर मालकांनी आपल्या जुन्या गारगोटीच्या मँटन दुकानात नेऊन टोपीच्या करून घेतल्या. घोडा बदलला, वाटी काढली, प्लॅटिनमचा काना बुजवला. अपग्रेडच म्हणा. आज संग्राहक जास्त भाव देतात तो ज्या बंदुका अपग्रेड झाल्या नाहीत त्यांना.

आणि कोकणात आजोबांच्या माळ्यावर एखादी ठासणीची सापडलीच, तर ती मँटन आहे का ते नंतर बघा. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना आहे का, ते आधी. आणि ती रिकामी आहे असं धरून चालू नका. शंभर वर्षं माळ्यावर पडलेल्या नळीतही दारू आणि छर्रे भरलेले असू शकतात, आणि ते बाहेरून दिसत नाहीत. हात न लावता पोलीस ठाण्यात कळवा.